आजोबांची १९६७ ची फियाट: पार्ट नवीन घ्यायचे की जुनेच क्रोम करायचे?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. चरईतल्या जुन्या वाड्यात आजोबांची १९६७ ची फियाट ११०० डी, चौदा वर्षं पत्र्याच्या शेडखाली उभी. इंजिन जाम, बंपर, ग्रिल, हँडल सगळ्यावर फोड आलेत. वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय आणि दिवाळीपर्यंत जागा खाली करायचीय. एक गॅरेजवाला म्हणतोय तीन लाख द्या, दोन महिन्यांत शोरूमसारखी करून देतो, क्रोमचे सगळे पार्ट नवीन टाकतो आणि जुने घेऊन जातो. तुम्ही विचारताय, नवीन घेऊ की जुने क्रोम करून घेऊ, आणि ठाण्यात चांगला क्रोमवाला कुठे मिळेल.

माझं वागळे इस्टेटला छोटं शेड आहे, वीसेक वर्षं हेच काम करतोय, जास्त करून फियाट आणि ॲम्बेसेडर, अधूनमधून एखादी मॉरिस. त्या अनुभवावरून बोलतो.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रॉब्लेम क्रोमचा नाहीये. तुमच्याकडे दोन वेगळी कामं आलीत आणि तुम्ही ती एकत्र बांधलीत. एक, गाडी दिवाळीच्या आत वाड्यातून हलवायची. दोन, गाडी रिस्टोअर करायची. पहिल्याला तारीख आहे, दुसऱ्याला नाही. तारखेच्या धाकाने दुसरं काम सुरू केलं की माणूस पहिल्या भेटलेल्या गॅरेजवाल्याला हो म्हणतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता असा फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, गाडीला वर्षभर छप्पर मिळेल का? घोडबंदरकडे कुणा नातेवाईकाचं बंद पार्किंग, गावाकडे गोठा, तुर्भे-रबाळेकडे कुणाच्या गाळ्यातली कोपऱ्यातली जागा, काहीही चालेल. खालून ओल नको आणि वरून पाऊस नको, एवढंच बघा.

आणि तो गॅरेजवाला जुने पार्ट घेऊन जातो म्हणतोय ना, ते अजिबात देऊ नका. कितीही सडलेला असू दे, एक स्क्रूसुद्धा नाही. का ते पुढे सांगतो, सगळं उत्तर त्याच्यावरच उभं आहे.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. फोटोत गाडीचा वरचा पत्रा दिसतो, खालचा दिसत नाही. या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणजे दाराखालची पेटी, फ्लोअर, जॅक लावायची जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा हे सडलं असेल तर तो नुसता पत्र्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. ठाण्याच्या खाडीच्या हवेत चौदा वर्षं उभी असलेल्या गाडीत यातलं काहीतरी गेलेलं असणारच, किती गेलंय एवढाच प्रश्न. बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या, खाली झोपा आणि पेटीवर, फ्लोअरच्या कडांवर मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर बरं, भुसभुशीत लागलं किंवा आरपार गेला तर तिथे नवीन पत्रा जोडावा लागणार. हे बघितल्याशिवाय तीन लाख की सहा लाख हे कुणीच खरं सांगू शकत नाही, मीही नाही. माझ्या वहीत मागच्या काही फियाटचा हिशोब बघितला तर निम्म्याहून जास्त पैसे पत्रा आणि पेंटमध्येच गेलेत, क्रोम त्यामानाने कमी, पण क्रोममध्ये चूक झाली तर ती भरून निघत नाही.

आता क्रोमकडे येतो.

लोकांना वाटतं क्रोमचा पार्ट म्हणजे क्रोमचा पार्ट. क्रोम हा फक्त वरचा थर असतो, आणि तोसुद्धा इतका पातळ की मायक्रॉनच्या अर्ध्या-पाव भागात मोजतात. गंजापासून वाचवतो तो त्याच्याखालचा निकेल, आणि त्याच्या खाली तांबं. तुम्ही प्लेटिंगवाल्याला विचारायचं ते हे की निकेल किती टाकणार. बाहेरच्या पार्टला वीस-पंचवीस मायक्रॉन निकेल पाहिजे, जमलं तर दोन थरांत, आधी अर्धचमक आणि वर चमक. स्वस्तातला माणूस निकेल पाच मिनिटं दाखवून वर क्रोम मारतो. दुकानातून आणताना दोन्ही सारखेच आरशासारखे दिसतात, पण पहिला पावसाळा गेला की स्वस्तातल्यावर चहाच्या रंगाचे ठिपके येतात.

पण त्याच्याही आधी, खालचा धातू कुठला ते ओळखा. तुमच्या गाडीवर चार-पाच वेगवेगळे धातू एकाच चमकेखाली लपलेत. फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि गाडीभोवती फिरा. बंपरला घट्ट चिकटेल, ते पोलाद. बाजूच्या पट्ट्यांना चिकटलं नाही आणि पट्टी हलकी असेल, वरची चमक दुधाळ झाली असेल, तर ॲल्युमिनियम, आणि त्याला क्रोम नसतोच, ॲनोडाइज केलेलं असतं. चिकटत नाही पण गंजाचा डागही नाही, फक्त पोचे आणि ओरखडे, तर ते बहुतेक स्टेनलेस, त्याला प्लेटिंगची गरजच नाही, चांगला माणूस आतून पोचे काढून बफ मारेल, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवेल, की झालं. आतून खरवडल्यावर पिवळं दिसलं तर पितळ, आणि पितळ म्हणजे तुमचं नशीब, ते कितीही वेळा प्लेट होतं. आणि शेवटचं, चुंबक चिकटत नाही, हातात वजनदार लागतं, वर छोटे छोटे फोड आलेत आणि फोड फोडला तर आत पांढरी भुकटी, ते मझाक. झिंकचं ओतीव काम, डायकास्ट. बाहेरची हँडलं, डिकीचं हँडल, नावाची अक्षरं, आरशाचा दांडा यांत ते सापडतं.

मझाकमुळे मी एक कायमची गोष्ट शिकलो, ती सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हा एका डोंबिवलीच्या काकांची डुक्कर फियाट (पन्नासच्या दशकातलं जुनं मॉडेल) आली होती माझ्याकडे. डिकीचं हँडल अख्खं होतं, नुसते फोड होते. मी सगळे पार्ट एका पोत्यात भरले आणि एका प्लेटिंगवाल्याकडे देऊन आलो, कुठला धातू कशाचा हे सांगितलं नाही, मलाच पुरतं माहीत नव्हतं. त्याने सगळं एकत्र ॲसिडमध्ये टाकलं, जुना क्रोम-निकेल उतरवायला पोलादाला जसं करतात तसं. ॲसिड झिंकला खाऊन टाकतं. परत आलं तेव्हा हँडलची चाळणी झाली होती, स्क्रूच्या पिळाची जागा तर हातात चुरा झाली. काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले की ते हँडल बायको रोज दाबायची. पुढे तीन वर्षं मी तसं हँडल शोधत होतो, शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं, वेगळ्या वर्षाचं, थोडं बदलून बसवलं. तेव्हापासून माझ्या शेडमधून एकही पार्ट धातूचं नाव लिहिलेल्या लेबलाशिवाय बाहेर जात नाही. पत्र्याच्या तुकड्यावर नाव ठोकून तारेने बांधतो, कागद ॲसिडमध्ये टिकत नाही.

मझाकचा पार्ट वाचवता येतो, पण वेगळ्या पद्धतीने आणि सबुरीने. आधी जुनं प्लेटिंग हलक्या हाताने उतरवायचं, मग प्रत्येक फोडाच्या जागी बारीक ड्रिलने किंवा बरने (ड्रिलला लावायचं घासायचं छोटं टोक) आतली भुकटी पूर्णपणे खोदून काढायची, दात किडल्यावर डेंटिस्ट करतो ना तसंच, आत जरा जरी भुकटी राहिली तरी सहा महिन्यांत फोड परत येतो. मग तांब्याचा थर, आणि पहिला थर सायनाइड कॉपरचाच (सायनाइडच्या द्रावणातल्या तांब्याचाच) लागतो कारण ॲसिडच्या द्रावणातलं तांबं थेट झिंकवर चालत नाही. मग ते खड्डे सोल्डरने भरायचे. सोल्डर १८०-१९० डिग्रीला वितळतं आणि मझाक ३८० च्या आसपास, म्हणजे मधे जागा आहे पण गॅसची ज्वाळा लावलीत तर पार्ट लोण्यासारखा बसतो, त्यामुळे सोल्डरिंग आयर्नच्या टोकानेच. मग कानस, परत तांबं, परत बफ, मग निकेल, मग क्रोम. एका हँडलला अख्खा दिवस जातो. म्हणूनच लोक नवीन टाका म्हणतात.

पार्टच गेला असेल तर पितळेत ओतून घेता येतो, आणि इथेच तुमचा सडका जुना पार्ट लागतो, साचा म्हणून. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. १२ सेंटिमीटरचं हँडल ओतलं तर जवळजवळ दोन मिलिमीटर लहान येतं, मग दाराच्या भोकांत बसत नाही. त्यामुळे मी जुन्या पार्टला लांबी (पुट्टी) लावून तेवढा वाढवतो, घासून आकार नीट करतो आणि मग कास्टिंगवाल्याला देतो. साचाच नसेल तर फोटोवरून हे होत नाही. फोटोत जाडी दिसत नाही, आतली खाच दिसत नाही, स्प्रिंग कुठल्या कोनात बसते ते दिसत नाही. गॅरेजवाल्याने नेलेला सडका हँडलचा तुकडा हा तुमच्या गाडीचा नकाशा असतो, आणि तो भंगारात किलोवर जातो.

बफिंगवर नीट लक्ष ठेवा. क्रोम खराब होण्यापेक्षा बफवर खराब झालेले पार्ट मी जास्त बघितलेत. बंपरच्या कडा, ग्रिलच्या पट्ट्यांच्या धारा, बिल्ल्यावरची अक्षरं, हे सगळं जोरात घासलं की गोल होतं, साबणाची वडी महिनाभर वापरल्यासारखं दिसतं. चमकतं खूप, पण गाडीचा चेहरा जातो. मी अक्षरं आणि धारांजवळ स्वतः हाताने पॉलिश पेपर मारतो, ३२० नंबरपासून वर जात, आणि प्लेटिंगवाल्याला सांगतो की इथे बफचं चाक लावायचं नाही. बंपरच्या आतल्या बाजूला प्लेटिंग नीट पोचत नाही, ते परत आलं की आतून साफ धुऊन, वाळवून ॲल्युमिनियम पेंटचे दोन हात द्या. पोकळ पार्टांत ॲसिडचं पाणी अडकून राहतं, सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, मग उन्हात.

प्लेटिंगवाल्याचं नाव मी देत नाही, कारण आज ज्याचं काम चांगलं आहे त्याच्याकडचा कारागीर उद्या जातो. क्रोमचं सांडपाणी विषारी असतं, या कामाला प्रदूषण मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे वस्तीतल्या गल्लीबोळातली दुकानं कमी होत गेलीत. वागळे इस्टेट आणि तिकडे महापे-पावणे-रबाळे पट्ट्यात अजून माणसं आहेत. पारख अशी करा, आधी एकच छोटा पोलादी पार्ट द्या, कुठलाही, महत्त्वाचा नको. तांब्यापर्यंत आल्यावर फोन करायला सांगा आणि जाऊन बघा. तांब्याच्या थरावर खड्डा दिसला तर क्रोमवरही दिसणारच. जो माणूस तांब्यावर पार्ट दाखवायला तयार होतो त्याच्याकडे बाकीचे द्या.

गंज काढायचं थोडं काम तुम्ही घरीही करू शकता. पोलादी नट-बोल्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या यांना मी दोन पद्धती वापरतो. एक, साखर कारखान्याची मळी, म्हणजे मोलॅसिस, मिळाली तर एक भाग मळी, नऊ भाग पाणी, ड्रममध्ये दोन-तीन आठवडे. ती गंज खाते, चांगल्या लोखंडाला धक्का लावत नाही. वास मात्र सोसायटीत चालण्यासारखा नसतो. दोन, बादलीत धुण्याचा सोडा, चार-पाच लिटरला मोठा चमचाभर, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर पार्टला आणि पॉझिटिव्ह लोखंडाच्या भंगार तुकड्याला. तो तुकडा स्टेनलेसचा कधीही नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावरच करायचं, जवळ विडी-सिगारेट नाही. या दोन्हीत ॲल्युमिनियम आणि मझाक टाकायचे नाहीत. स्प्रिंगाही नकोत, सोड्याच्या पद्धतीत त्या ठिसूळ होतात.

आता नवीन पार्ट कुठे मिळतील आणि कुठले घ्यावेत.

तुमची ११०० डी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. हीच गाडी सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग प्रीमियर पद्मिनी, २००० च्या आसपासपर्यंत निघत होती. इंजिन तेच १०८९ सीसी. त्यामुळे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचं बरंचसं सामान पद्मिनीचं चालतं आणि ते अजून मिळतं. पण ग्रिल, दिवे, बंपर, डॅशबोर्ड वेळोवेळी बदलत गेले. दुकानदार पद्मिनीची ग्रिल दाखवून म्हणेल की साहेब हीच, फियाटचीच आहे. हो, फियाटची आहे, पण १९६७ ची नाही. तुमचा गॅरेजवाला क्रोमचे सगळे पार्ट नवीन टाकतो म्हणतो तेव्हा मला हीच भीती वाटते, की तो तुमच्या ६७ च्या गाडीला पद्मिनीचं तोंड लावून देईल.

इतकी वर्षं आम्हाला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा आधार होता, टॅक्सी निघाली की तिचं सामान बाजारात यायचं. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, आणि ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. तो ओघ आटला. आता जे आहे ते दुकानांच्या माळ्यावरचा जुना स्टॉक आणि भंगारात साठवलेलं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊसची स्पेअर पार्टची दुकानं, चोर बाजारात मटन स्ट्रीट, पुण्याला बुधवार-रविवारचा जुना बाजार. लांबची तयारी असेल तर दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार. जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा, फोटो नाही, पार्ट. आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी. मी तर गाडीच्या भोकांच्या अंतरांचा पुठ्ठा कापून नेतो.

जुना स्टॉक म्हणजे डबाबंद, कागदात गुंडाळलेला पार्ट दिसला की हात थरथरतात, मलाही होतं तसं अजून. पण बघून घ्या. बेअरिंग, गिअर, पिस्टन, धातूचं काही असेल तर बिनधास्त घ्या. रबर मात्र डब्यात बसूनही म्हातारं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं ब्रेकचं रबर किट, ऑइल सील, कूलंटचा होज, दाराचं बीडिंग हे डबाबंद असलं तरी पैसे देऊन घेऊ नका, फक्त नमुना म्हणून फुकट मिळालं तर ठीक. बीडिंग आणि काचेचं रबर नमुन्यावरून नवीन काढून देणारे आहेत, त्यांना जुन्या रबराचा दोन इंच न चेपलेला तुकडा लागतो, तो साधारण वरच्या कोपऱ्यात मिळतो जिथे दार दाबत नाही. रबर काढताना फाडू नका.

नियम असा नाहीये की जुनं तेवढं सगळं ठेवायचं. ज्यावर जीव अवलंबून आहे ते नवीन किंवा नव्यासारखंच पाहिजे. ब्रेकचे व्हील सिलिंडर आतून खाल्ले असतील तर नुसता पॉलिश पेपर मारून वापरू नका, आतून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (पातळ नळी) बसवून घ्या. ब्रेकचे पाइप नवीन. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, हवेने फुंकून साफ करू नका, ओल्या कापडाने पुसा. पेट्रोलचा होज आणि पंपाचा डायफ्रॅम २० टक्के इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या, आता पंपावर तेच पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात फुगतं आणि सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये गाळ येतो. टायर, बॅटरीची वायर, फ्यूज नवीन. आणि जे डोळ्याला दिसतं, हाताला लागतं, ज्यावर आजोबांचा हात रोज पडायचा, ते स्टिअरिंग, हँडल, नॉब, मीटरची काच, ते जुनंच दुरुस्त करा. जगभरातल्या जुन्या गाड्यांच्या संस्थांची फिव्हा म्हणून संस्था आहे, तिचाही सूर हाच आहे की जतन आधी, बदल गरजेपुरताच. रेक्झिन फाटलं असेल तरी उसवून पॅटर्न ठेवा, आत काथ्या असेल तर त्याची जाडी मोजून ठेवा. नवीन फोम घातला की सीट दीड इंच वर येते आणि मग माणूस त्या गाडीत बसल्यासारखा बसत नाही.

इंजिन जाम आहे म्हणालात. स्टार्टर मारू नका, धक्का तर नकोच. प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि थोडं गिअर ऑइल घाला, रोज थोडं घालत रहा, आठवडाभर थांबा. मग क्रँक पुलीच्या नटला पाना लावून हाताने मागे-पुढे अगदी थोडं हलवून बघा. हललं तर हळूहळू फिरेल. नाही हललं तर हेड काढावं लागेल, जोर लावला तर रिंग तुटून सिलिंडरला ओरखडा पडतो.

पेंटबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. पावसाळ्यात ठाण्यात पत्रा उघडा करू नका आणि पेंट करू नका. उघडा पत्रा रात्रीत तांबडा होतो आणि जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट दमट हवेत पांढरट पडतो. पावसाळ्यात सीट, वायरिंग, इंजिन, पार्ट शोधणं, आणि पत्रा-पेंट दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत, असं मी वर्ष लावतो. दोन महिन्यांत शोरूमसारखी म्हणणारा लांबीच्या थराखाली गंज तसाच झाकणार, दुसरं काही होऊच शकत नाही. पातळ पत्र्यावर सँड ब्लास्टिंगही (हवेच्या जोराने वाळू मारून साफ करणं) करू देऊ नका, पत्रा ताणून लाटा येतात, ते फक्त खालच्या जाड पार्टांना. मूळ रंग हवा असेल तर किक पॅनेलच्या (पुढच्या सीटवर पायांच्या बाजूला असतं त्या पॅनेलच्या) मागे किंवा डॅशबोर्डखाली बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं.

कागदांचं विसरू नका, आणि ते पेंटच्या आधी. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. पेंटरने ग्राइंडर मारायच्या आधी चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या, तीन-चार प्रती, आणि तारखेसकट फोटो. नंबर घासला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी आरटीओत उभी राहणार नाही. गाडी ५० वर्षांवरची आहे म्हणून जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमात बसू शकते, पण त्यात बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठे बदल झालेले चालत नाहीत. पहिल्यांदा नोंदवायची फी २० हजार, आरसी १० वर्षांची, आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र मग ती रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. रविवारी घरच्यांना घेऊन येऊरला जायची इच्छा असेल तर नेहमीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण बघा. कुठला रस्ता घ्यायचा ते आधी ठरवा, कारण त्यावर पत्र्याचं काम किती करायचं हेही ठरतं.

तर दिवाळीच्या आधी एवढंच करा. गाडीला जागा शोधा. सगळ्या बाजूंनी शंभर-दोनशे फोटो काढा, प्रत्येक स्क्रू कुठला ते दिसेल असे. चुंबक घेऊन फिरा आणि यादी करा. पेट्रोल टाकी रिकामी करून काढून ठेवा, तिच्या जवळपास वेल्डिंग कुणालाही करू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. हलवताना दोरी बांधून ओढू नका, ब्रेक जाम असतील, फ्लॅटबेड बोलवा, आणि दोरखंड बंपरला नाही, खाली सस्पेन्शनला बांधायला सांगा. गल्लीत फ्लॅटबेड वळत नसेल तर पहाटे पाचला बोलवा, चरईत त्या वेळेला जमतं.

आणि वाडा खाली करायच्या आधी माळा बघा. न्हाणीघरावरचा, जिन्याखालचा, देवघराच्या मागचा. त्या पिढीची माणसं बदललेला पार्ट टाकून देत नव्हती, डालड्याच्या डब्यात, चहाच्या पत्र्याच्या पेटीत, तेलकट फडक्यात बांधून ठेवायची. मला एका वाड्यात असाच डबा मिळाला होता, आत कार्ब्युरेटरचे जेट, दोन दिव्यांच्या कड्या आणि मागच्या लाइटची काच, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. रिडेव्हलपमेंटवाल्यांची माणसं सामान बाहेर काढतात तेव्हा असे डबे पहिल्या ट्रकमध्ये जातात. तुमच्या आजीला किंवा वडलांना विचारा, आजोबा गाडीचं सामान कुठे ठेवायचे. डबा सापडला तर काही साफ करू नका, तसाच ठेवा आणि आतल्या वस्तूंचे फोटो मला पाठवा, कुठलं काय आहे ते ओळखून सांगतो.